विशेषण आधी येतं

विदर्नसीत, चॅपलच्या मागच्या खोलीत
मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
ऑड्री थर्केल फळ्यावर लिहिते: अब्रप्ट.
रेडिएटर ठोके देतो.
बाहेर उत्तर समुद्र कड्याची माती खात बसलाय,
उठायची घाई नसलेल्या पाहुण्यासारखा.

'अब्रप्ट म्हणजे,' ती म्हणते,
आणि हातातला खडू मोडते.
कट्.
सगळे वहीत लिहून घेतात.
तेस्फालेम टेबलाखाली वाकून
तुकडा शोधून तिला परत देतो.

मग कागद. गाळलेल्या जागा भरा.
ड्रायव्हरने ____ ब्रेक मारला.
तापमानात ____ घट झाली.
खाली चौकटीत शब्द दाटीवाटीनं उभे:
सडन, शार्प, ड्रास्टिक, व्हायलंट, अब्रप्ट,
आणि एक ग्रॅज्युअल,
फसवायला ठेवलेला.

हेमिनला शार्प येतो.
न्हाव्याला न येऊन कसं चालेल.
पण वस्तरा शार्प, वळण शार्प,
आणि भाड्यातली वाढ, तीही शार्प?
'एकाच धारेनं किती कापता तुम्ही लोक,'
तो म्हणतो. कुर्दीत म्हणतो,
म्हणून कोणी हसत नाही.

तेस्फालेमचं बोट अब्रप्टवर.
त्याची आई केरेनहून बोलता बोलता तुटते
दर रविवारी, याच जागी:
'आणि तुझ्या बहिणीनं…'
बहिणीनं काय?
पुढच्या रविवारी आई पहिल्यापासून सुरू करते,
शेळीपासून, गुडघ्यापासून,
हळूहळू बहिणीपाशी येते
आणि कार्ड संपतं.
याला काही नाव असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मी हे मराठीत लिहितेय, आणि मराठी
अशा वेळी विशेषण शोधत बसत नाही.
दार खाडकन् लागतं, माणूस मटकन् बसतो,
पोटात धस्स होतं.
आमच्याकडे गोष्ट आधी ऐकू येते, मग कळते.
इंग्रजी सावकाश येते, ओला कोट खुंटीला अडकवते
आणि विचारते:
कोणत्या प्रकारचं धस्स?

'विशेषण नामाच्या आधी,' ऑड्री सांगते.
सडन डेथ. व्हायलंट स्टॉर्म.
आधी शब्द, मागून वस्तू,
ॲम्ब्युलन्सच्या पुढे पोचणाऱ्या भोंग्यासारखा.

दाइवा पेन चावते.
तिचं उलटं झालं होतं.
नाम आधी आदळलं,
क्लाइपेदात, स्वयंपाकघरात,
बिटाच्या बरणीसकट.
विशेषण अकरा वर्षांनी येतंय,
छापील, पाच सोबती घेऊन.
ती लिहिते: व्हायलंट. ब्रेकच्या आधी.
'इथे सडन जास्त बरं,' ऑड्री म्हणते.
'माहीत आहे,' दाइवा म्हणते.
खोडत नाही.

ऑड्रीचं लाल पेन तिथे थांबतं, मग खाली सरकतं,
ग्रॅज्युअलपाशी.
पर्समध्ये कौन्सिलचं पत्र आहे:
आपल्या जागेलगतच्या कड्याची झीज
ग्रॅज्युअल स्वरूपाची असून…
वर्षाला दोन मीटर. सरासरी.
फेब्रुवारीत एका रात्री बाग गेली,
कपडे वाळत घालायच्या खांबासकट.
ती झोपली होती. आवाज आला नाही.
सकाळी कप घेऊन तिनं मागचं दार उघडलं
आणि पायरीच्या पुढे नुसती हवा.
किती तरी वेळ तिचा एक पाय उचललेलाच राहिला.
'असून' नंतर काय आहे
तिनं अजून वाचलेलं नाही.

साडेआठला खुर्च्या आत सरकतात.
फळा तेस्फालेम पुसतो, एक शब्द सोडून.
दारात हेमिन विचारतो, कसंबसं जुळवत,
'मिस, घर आता कुठपर्यंत?'

'पायरीपर्यंत,' ऑड्री म्हणते,
आणि कोटाची चेन
खर्रकन् गळ्यापर्यंत ओढते.